सासूबाई आणि गिधाड

"आता बाईंचे जावई दोन शब्द बोलतील," असं हेडसरांनी न विचारताच जाहीर करून टाकलं, आणि जावई खुर्चीतून अर्धवट उठला.

तो पक्षिसंग्रहालयात कामाला होता. पेंढा भरलेल्या पक्ष्यांची धूळ झटकायची, काचेचे डोळे पुसायचे, पाट्या लिहायच्या. तिथं तो दिवस दिवस सुखानं उभा राही. पण चार माणसांत आला, की त्याची चुळबुळ सुरू व्हायची. त्यात आज सासूबाईंचा निरोपसमारंभ. तेहतीस वर्षं गणित शिकवून बाई निवृत्त होत होत्या आणि शाळेचा हॉल पालकांनी गच्च भरला होता.

"चांगलं बोला हं," बायको कुजबुजली. "मनापासून बोला."

तिथंच घात झाला. तो मनापासून बोलला.

"आमच्या सासूबाई," घाम पुसत तो म्हणाला, "मला नेहमी गिधाडासारख्या वाटतात."

बायकोनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे, फार सुंदर पक्षी!" तो घाईनं पुढं म्हणाला. "जन्मभर एकच जोडीदार. वर्षाला एकच अंडं, पण त्या एका पिल्लासाठी जिवाचं रान करतं. आणि सगळं रान स्वच्छ ठेवतं. सासूबाईंनीही इतकी वर्षं तेच केलं."

मागून एक पालक उठले. "अहो, गिधाड मढी खातं ना? मग आमची पोरं कोण?"

हशा पिकला. हेडसरांनी पाण्याचा पूर्ण ग्लास एका दमात संपवला. पहिल्या रांगेतल्या मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, जावयाकडे अशा बघत होत्या, की त्याला काहीतरी सावरासावर करणं भागच होतं.

"ज्याचा त्याचा पक्षी असतो," तो म्हणाला. "आता मावशी. मावशी म्हणजे बुलबुल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी लाजल्या. सासूबाईंनी मात्र श्रीफळ आणि शाल घेतली, ती त्याच्याकडे न बघताच.

घरी आल्यावर बायकोनं दार लावून घेतलं. "मोर नाही आठवला? हंस नाही आठवला? आईला गिधाड?"

"अगं, मोर नुसता पिसारा फुलवतो. पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही तो."

"तुम्हाला कोणी बघायला सांगितलंय मोराचा संसार? दिसायला छान आहे ना, झालं!"

दोन दिवस सासूबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. पेपर वाचताना तो समोर आला, की पेपर वर जायचा. त्याला जेवण गोड लागेना, एका जागी बसवेना. तो उगाच खिडक्या उघडायचा आणि लावायचा. तिसऱ्या दिवशी सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"चला. बघू दे मला एकदा कशी दिसते मी."

संग्रहालयात त्यांनी गिधाडाला तीन फेऱ्या मारल्या. मान उघडी, डोकं टकलं, चोच आकड्यासारखी, पंख दोन्हीकडे पसरलेले. जावई पाय बदलत उभा होता. बाईंनी पर्समधून टेप काढला आणि काचेवरून पंख मोजले.

"सात फूट?"

"हो. आणि वर गेलं, की तासन् तास पंख हलवत नाही. नुसतं तरंगतं. खालचं सगळं दिसत असतं त्याला."

"वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय, ते मलाही दिसायचं," बाई पुटपुटल्या. मग इकडंतिकडं कुणी नाही असं बघून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि काचेतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे बराच वेळ पाहिलं. "ऐसपैस आहे हो. तोंडावर जाऊ नये कुणाच्या."

जावयानं सुटकेचा निःश्वास टाकला, तो जरा लवकरच टाकला. कारण बाहेर पडता पडता बाईंनी बहिणीला फोन लावला. "अगं, माझा पक्षी सात फुटी निघाला! तुझा बुलबुल केवढा असतो गं?"

संध्याकाळी मावशी तणतणत घरी हजर. "वीतभर? मी वीतभर? आणि म्हणे पेरूवर चोची मारत हिंडतो! जावईबापू, ताईला मोठा आणि मला चिमुकला, हा कुठला न्याय? मला बदलून द्या."

"मावशी, पण त्याचा आवाज किती गोड..."

"आवाज राहू दे. फूट सांगा."

शेवटी सारस क्रौंचावर तडजोड झाली. उभा राहिला तर माणसाएवढा, हे ऐकून मावशी मान उंच करून घरी गेल्या. सासूबाई पुन्हा पेपर वाचू लागल्या. जावई तीन दिवसांत पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकला.

"आणि मी?" बायकोनं विचारलं.

तो ताडकन ताठ झाला. डोळ्यांपुढून सगळं संग्रहालय सरकून गेलं. प्रत्येक पक्ष्यात काही ना काही धोका दिसत होता. तीन दिवसांत शहाणा झालेला तो माणूस शेवटी जपून म्हणाला, "तू ना? तू माणूस."

बायकोचा चेहरा उतरला.

"लग्नाला दहा वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि माझ्या वाट्याला साधं एक गिधाडसुद्धा नाही?"