चालकाशी बोलू नये

माझ्याइतका निःपक्षपाती माणूस आमच्या ऑफिसात दुसरा नाही, हे मी नम्रपणे सांगतो. म्हणून तर बारा डिलिव्हरी व्हॅनसाठी जीपीएस निवडायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. तीन कंपन्यांनी एकेक यंत्र चाचणीला पाठवलं होतं. "रोजच्या वापराला कुठलं बरं, तेवढं सोमवारी सांगा," साहेब म्हणाले. दुसरा कुणी असता तर एकेक दिवस एकेक यंत्र लावून मोकळा झाला असता. मी मात्र तिन्ही यंत्रं एकाच गाडीत, एकाच वेळी लावायचं ठरवलं. परीक्षा म्हणजे परीक्षा!

रविवारी संधीही चालून आली. माझे सासरे बत्तीस वर्षं सिटी बस चालवून निवृत्त झालेले. त्यांची जुनी सात नंबरची बस आता भंगारात निघणार होती आणि तिची शेवटची फेरी त्यांनीच मारावी, असं डेपोने ठरवलं होतं. बरोबर अकरा वाजता. तसं छापील कार्डच आलं होतं. उशीर झाला तर दुसरा ड्रायव्हर बस घेऊन जाणार, कारण बस कुणासाठी थांबत नाही, हे खुद्द सासरेच जन्मभर लोकांना सांगत आले होते.

सासरे जुना गणवेश कडक इस्त्री करून, बूट चकाचक करून मागच्या सीटवर बसले. शेजारी सासूबाई, भलीमोठी पर्स घेऊन. पुढे माझ्या बाजूला बायको, मांडीवर वही. वहीत मी तीन यंत्रांसाठी रकाने आखून दिले होते. गडबडीत एक रकाना जास्तीचा आखला गेला होता, पण तो मोकळा सोडायचा होता. कार्डावरचा पत्ता तिन्ही यंत्रांत मी स्वतः टाकला आणि अक्षर न् अक्षर तपासला.

"बाबा, एक विनंती आहे. आज रस्ता सांगायचा नाही. चाचणी आहे."

"छे, मी कशाला बोलतोय," सासरे म्हणाले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ बसले.

पहिल्या यंत्राचा आवाज शाळेतल्या हेडबाईंचा. दुसरं इतकं मवाळ की डावीकडे वळायला सांगतानाही माफी मागतंय असं वाटावं. तिसरं मोजकंच बोलायचं, पण वळण मागे पडल्यावर. पहिल्याच चौकात हेडबाई म्हणाल्या, "उजवीकडे वळा." मवाळ म्हणाला, "कृपया सरळ जा." मी सरळ गेलो. चौक दिसेनासा झाल्यावर तिसरा खणखणीत आवाजात म्हणाला, "उजवीकडे."

मग मी नियम केला की बहुमताने जायचं. पण पुढे मोठा गोल चौक लागला आणि तिथे दर फेरीला बहुमत बदलू लागलं. आम्ही चार प्रदक्षिणा घातल्या. कोपऱ्यावरचा फुलवाला पहिल्या फेरीला नुसता बघत होता. चौथ्या फेरीला त्याने हात हलवला. सासूबाईंनीही हलवला.

"अहो, डेपो नदीच्या बाजूला ना?" बायकोने वहीतून मान वर केली. "आपण गोदामांकडे का चाललोय?"

"यंत्रांना आडवाटा माहीत असतात. तू मार्क लिही."

मी आरशातून सासऱ्यांकडे पाहिलं. ते शांतपणे खिडकीबाहेर बघत होते. बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर गप्प आहे, म्हणजे रस्ता बरोबर आहे, असं मी धरून चाललो.

साडेदहा वाजून गेले आणि चमत्कार झाला. तिन्ही यंत्रं सकाळपासून पहिल्यांदा एका सुरात बोलली. "तुम्ही पोहोचला आहात." मला गहिवरून आलं. मी ब्रेक दाबला. समोर अर्धवट उघडं शटर होतं आणि आतून यंत्राची खटखट ऐकू येत होती. वर पाटी होती छापखान्याची.

हाताला शाई लागलेला एक माणूस बाहेर आला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "बस डेपोचं कार्ड ना? खाली आहे तो आमचा पत्ता. डेपोचा वर आहे. सकाळपासून तुम्ही तिसरे."

मी कार्ड नीट पाहिलं. डेपोचा पत्ता वर होता खरा, पण सोनेरी वेलबुट्टीत असा गुंतवलेला की तो मी नक्षी समजलो होतो. छापखान्याचा पत्ता मात्र काळा, ठळक आणि सुवाच्य. भिंतीलगत आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. एकीत एक गृहस्थ गुच्छ मांडीवर घेऊन, पुढचा रस्ता न कळून हिरमुसून बसले होते.

"ते प्रमुख पाहुणे," शाईवाला म्हणाला.

"बाबा, तुम्हाला रस्ता चुकलाय हे कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्या चौकात."

"मग बोलला का नाहीत?"

"जावईबापू, बत्तीस वर्षं माझ्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये. मी कुणाला बोलू दिलं नाही. मग आज मी कसा बोलू? आणि म्हटलं, वाटेत कुणाला घ्यायचं असेल."

मला मनापासून लाज वाटली. माझ्या परीक्षेपायी त्यांची फेरी हुकणार होती आणि ते माझीच अदब राखत बसले होते. मी खाली उतरलो आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "बाबा, आता चालक तुम्ही."

सासऱ्यांनी सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला आणि निघाले. घाई नाही, हॉर्न नाही. मागे त्या दोन गाड्या. इकडे तिन्ही यंत्रं खवळली. हेडबाई यू-टर्न मागू लागल्या, मवाळ विनवण्या करू लागला. सासूबाईंनी पुढे वाकून तिन्ही उचलली, पर्समध्ये कोंबली आणि चेन लावली.

"चालकाशी बोलू नये, कळत नाही का?"

अकराला तीन मिनिटं असताना आम्ही डेपोत शिरलो. सात नंबरची बस धुऊनपुसून उभी होती. आम्ही सगळे आत बसलो, प्रमुख पाहुण्यांना कंडक्टरच्या सीटवर जागा मिळाली. सासरे प्रत्येक थांब्यावर थांबले, कुणी नसलं तरी. परत आल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर दोनदा थोपटलं. ते हसत होते आणि डोळे पुसत होते. मीही तेच करत होतो. तेवढ्यात सासूबाईंच्या पर्समधून बारीक आवाज आला, "क्षमा करा, रस्ता पुन्हा शोधत आहे." सगळी बस हसली.

सोमवारी वही न उघडताच मी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. ही माझी त्या आठवड्यातली दुसरी चूक.

"तिन्ही यंत्रांना दहापैकी दहा?"

"हो साहेब. सांगितलं तिथे बरोबर नेलं."

"आणि हा चौथा रकाना?" साहेबांनी चष्मा वर सरकवून बायकोचं अक्षर वाचलं. "आवाज मोठा. स्वभाव हट्टी. ठिकाण शून्य. शेरा, वाचता येतं पण वाचत नाही. हे कुठलं मॉडेल?"

"जुनं आहे, साहेब," मी म्हणालो. "आता फक्त आमच्या घरी वापरात आहे."