सातची रिंग

"कुलूप कशाला फोडतील रे? कुलपाकडं बघतंय कोण!"

साळवेमामा जिन्यातून एवढ्या जोरात ओरडले, की नगरमधल्या आमच्या सावेडीतली दोन कुत्री उठून पार भिंगारला निघून गेली. चूक माझीच. पेपर वाचता वाचता मी एवढंच म्हणालो होतो, की सरकारला आपले मेसेज वाचता येत नाहीत, मेसेजना म्हणे कुलूप असतं.

मामा आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे, तेव्हाची ही गोष्ट. पोस्टात गावागावांचं टपाल वेगळं लावण्यात त्यांनी जन्म काढला. "चाळीस वर्षांत एक पाकीट फोडलं नाही," असं छातीवर हात ठेवून सांगत आणि लगेच अख्ख्या जिल्ह्याच्या कुंडल्या मांडत. कुणी, कुणाला, किती दिवसांनी, बस्स. पाकिटं जाडाची पातळ झाली, की प्रेम आटलं. पोस्टकार्ड तर ते पालथंच धरत, चुकून नजर पडायला नको म्हणून. एकदा नुसते शिक्के बघून त्यांनी राहुरीतलं एक लग्न मोडणार हे आठ दिवस आधी सांगितलं. त्यांच्या शब्दावर मांडववाल्यानं मांडव उतरवला, असं मी ऐकलंय. मामांकडूनच.

"आत काय लिहिलंय ते सरकारला हवंय कशाला?" मामा पायरीवर टेकले. "काल तुझ्या बायकोनं माहेरी तीन फोन केले. संध्याकाळी तू खानावळीतून डबा आणलास. भांडलात. ऐकला का मी एक तरी शब्द?"

आत एक पातेलं जोरात आपटलं. मी पेपरची घडी घातली.

आता मामांचं स्वतःचं टपाल. रोज सकाळी सातला ते एक नंबर लावत आणि एक रिंग झाली की तोडत. पाच मिनिटांनी तिकडून एक रिंग येई, तीही तुटे. मग मामा चहा टाकत.

"मामा, ह्या पाकिटात काय?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"बहीण. पुणतांब्याची मार्थाआक्का. आईचं चर्चच्या गीतांचं पुस्तक कुणाकडं राहायचं, यावरून अकरा वर्षं बोलत नाही आम्ही."

"मग हे काय?"

"हे बोलणं थोडंच आहे? रिंग आली, म्हणजे ती आहे."

नाताळच्या आधी एका सकाळी सात वाजून गेले, तरी वरून चहाचा वास आला नाही. साडेसातला मामा दारात. अंगात कोट, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"फोन बंद लागतोय. स्कूटर काढ."

वाटेत राहुरी ओलांडली, तरी मामांनी त्या लग्नाचा विषय काढला नाही. छातीशी धरलेलं एक जाडजूड जुनं पुस्तक तेवढं रस्ताभर माझ्या पाठीत रुतत होतं.

पुणतांब्यात ओसरीवर एक म्हातारी मेथी निवडत बसली होती. मामा फाटकातच थांबले. अकरा वर्षांनी बहीण समोर. त्यांनी पुस्तक नुसतं पुढं केलं.

आक्कानं मान वर करून पुस्तक पाहिलं, मग त्यांच्या पायांकडं पाहिलं.

"उंदरानं चार्जर कुरतडलाय," ती म्हणाली. "चपला भाईर काढ."