अर्ध्या गुणाच्या मोहिमेची हकीकत

सुज्ञांनी कान द्यावा. आठवीच्या ब तुकडीत अर्ध्या गुणासाठी जे घनघोर युद्ध जाहले, ते जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे तिखटमीठ घातले, तेही चवीपुरतेच.

तुकडीच्या फुटबॉल संघाच्या गोलरक्षक, जाळीच्या किल्लेदार, मैत्रिणी ज्यांस 'भिंत' म्हणत, त्यांस उताऱ्यावरील प्रश्नांत विसांपैकी साडेसहा गुण पडले. आणि शाळेचा कायदा ऐसा सख्त, की जो साताखाली उतरेल त्याने शनिवारच्या सामन्यास मैदानात पाऊल टाकू नये.

भिंतबाईंची युद्धनीती पिढीजात. मार्गदर्शिकेतील व्याख्या घोकाव्या, आणि मग उतारा न वाचताच 'मध्यवर्ती कल्पना' या बुरुजावर 'कष्टाचे फळ गोड असते' हे निशाण रोवून मोकळे व्हावे. चारांत तीनदा निशाण टिके, म्हणोन साऱ्या तुकडीचा हाच रिवाज. परंतु या खेपेचा उतारा निघाला चष्मा शोधणाऱ्या दुकानदाराचा. तो दिवसभर घर धुंडाळतो, आणि सांजेस चष्मा त्याच्याच कपाळावर सापडतो. भाषेच्या बाईंनी त्या उत्तरास शून्य दिधले, कारण त्यांचे दप्तरी उत्तर एकच, 'विसराळूपणाची गंमत'.

मग भिंतबाई शिक्षकांच्या खोलीवर चालोन गेल्या, आणि अर्ज गुजरला, की तो इसम दिवसभर राबला आणि त्यास चष्मा मिळाला, हे फळ नव्हे तर काय. बाईंनी चहाचा पेला खाली ठेवून फर्माविले, की उताऱ्यातील पुरावा दाखवावा, अथवा चालते व्हावे. सबब उतारा वाचणे प्राप्त जाहले. आयुष्यात पहिल्यानेच. आणि चौथ्या ओळीशी भिंतबाई अडल्या.

"बाई, ही गोष्ट त्याची बायको सांगतेय."

"हो, ती निवेदक. व्याख्या पाठ आहे ना तुझी?"

"पाठ आहे हो. पण ती सकाळीच म्हणते, 'यांच्या कपाळावर ऊन लखलखलं.' म्हणजे तिला चष्मा दिसला होता! सांगितलंच नाही तिनं."

"का बरं?"

"एरवी ते दुकानातून रात्री येतात, जेवतात आणि झोपतात, असं वरच लिहिलंय. आज दिवसभर तिच्याशी बोलत फिरले."

बाईंनी हा उतारा बारा वर्षे शिकविला होता. त्यांनी तो हाती घेतला, दोनदा वाचला, आणि तोवर चहा निवाला. मग हुकूम जाहला, की लिहिलेले उत्तर चूक ते चूकच. परंतु वाचनाबद्दल अर्धा गुण बहाल. आणि आपल्या वहीतील 'विसराळूपणाची गंमत' त्यांनी स्वहस्ते खोडली.

येणेप्रमाणे साडेसहाचे सात जाहले, ते गुणपत्रकी रुजू असे. शनिवारी भिंतीस तीन भगदाडे पडली आणि संघ हरला, त्याचा या फत्तेशी संबंध नाही. मात्र त्याच सांजेस बाईंचे यजमान छत्री शोधीत स्वयंपाकघरात आले, आणि बाईंस ती दाराआड साफ दिसत असता बाई काही बोलल्या नाहीत, तीही फत्ते याच कलमाखाली लिहिली असे.