दोन घास, एक नजर

एका जंगलात, बाळांनो, चितळांचा एक कळप राहत होता. कळप अडाणी होता, पण जिवंत होता.

त्यांची चरायची एक जुनी रीत होती. दोन घास खायचे, मग मान वर करून चौफेर एक नजर टाकायची. पुन्हा दोन घास, पुन्हा एक नजर. वाघ सांगून येत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग पलीकडच्या टेकडीवर एक मोठं विद्यालय निघालं. वाघापासून बचाव कसा करायचा, याचं उच्च शिक्षण तिथे मिळणार होतं. जागा थोड्या आणि चितळं फार. म्हणून प्रवेशपरीक्षा आली. आणि परीक्षा आली की मागोमाग कोण येतं, बाळांनो? बरोबर. कोल्हा येतो.

कोल्हेसरांनी मोहाच्या झाडाखाली क्लास काढला. सगळ्या आईबापांना बोलावून ते म्हणाले, "तुमची मुलं हुशार आहेत. वेळ मात्र उधळतात. मान वर, मान खाली, मान वर, मान खाली! अर्धं आयुष्य मान हलवण्यात जातं. हा वेळ अभ्यासाचा आहे."

माझ्या आईने भीत भीत विचारलं, "पण सर, वाघ आला तर?"

"वाघ शेवटच्या प्रकरणात आहे, ताई. आत्तापासून कशाला बघायचा?"

सगळे हसले. आईही हसली. न हसणारा अडाणी दिसतो ना.

हो, मीही चितळच आहे. गोष्ट सांगणारा माणूसच असतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी क्लासला गेलो, पान उलटताना मान वर केली, आणि सरांनी मला हाकललं. "हा गवतातच मरणार," म्हणाले.

माझा थोरला भाऊ सारंग मात्र सरांचा लाडका. त्याने मान खाली घातली ती घातलीच. मग वानरमावशी झाडावरून ओरडतात त्याने लक्ष विचलित होतं, असं सरांनी काढलं. आईने स्वतः सावरीचा कापूस आणला आणि दादाच्या कानांत घातला. किती मायेने घातला!

मी त्याला ढुशी मारायचो, तेव्हा तो एका कानातला बोळा काढून हसायचा.

"बारक्या, थांब जरा. पास झालो की तुलाही पळायला शिकवतो."

"मी आत्ताच तुझ्यापेक्षा जोरात पळतो!"

"पळतोस रे. पण का पळतोस ते लिहिता येतं का तुला?"

आणि बोळा परत कानात.

परीक्षा जवळ आली. एका दुपारी दादा पाणवठ्याजवळ उजळणी करत होता. मोठ्याने म्हणत होता, "वाघ जवळ आल्याच्या खुणा. पहिली, वानरं ओरडतात."

वर वानरमावशी ओरडल्या. खॉक! खॉक!

"दुसरी, मोर केकाटतो."

मोर केकाटला. कळप उधळला. मी खूर आपटले. "दादा! दादा रे!" घसा फाटेस्तोवर ओरडलो.

"तिसरी, गवत वाऱ्याच्या उलट दिशेने हलतं."

हलत होतं. त्याच्या अगदी मागे.

उत्तर बरोबर होतं, बाळांनो. सगळी उत्तरं बरोबर होती.

शोकसभा मोहाच्या झाडाखालीच झाली. कोल्हेसर जरा उशिरा आले, मिशा चाटत आले. वाघाच्या ताटातलं उरलंसुरलं कोण खातं, हे जंगलात सगळ्यांना ठाऊक असतं. पण सरांबद्दल असं कोण बोलणार?

सर गहिवरून म्हणाले, "सारंगने शेवटचं मिनिटसुद्धा वाया घालवलं नाही. असा विद्यार्थी होणे नाही!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

मला अजून शिंगं फुटली नव्हती. तरी मी धावत गेलो आणि सरांच्या पोटात डोकं घातलं. सर गडगडले. पोट भरलेलं होतं, लवकर उठता येईना.

"अरे, सरांशी असं वागतात?" म्हणत चौघांनी मला दाबून धरलं. एका काकांनी खाली वाकून सरांना हळूच विचारलं, "सर, एक जागा रिकामी झाली ना? आमच्या गोट्याचं बघा की."

आई सावरीच्या झाडाकडे बघत होती.

क्लास जोरात चालू आहे. गोट्याच्या कानांत बोळे आहेत.

मी आजही चरतो, पण माझी रीत बदलली आहे. दोन घास आणि दोन नजरा. एक माझी, एक दादाच्या वाट्याची. कळपातले म्हणतात, हे पोर फार वेळ फुकट घालवतं.

तात्पर्य : वेळेचं नियोजन असं चोख करावं, की मरायलाही वेगळा वेळ काढावा लागू नये.