पाव चाक

आमच्या थेरगावच्या गल्लीत कुणाची गाडी दोन दिवस जागची हलली नाही, की रशीदभाई येऊन ती ढकलतात. फार नाही, चाकाचा पाव फेरा. मग टायरवर अंगठा दाबून बघतात आणि पुढच्या गाडीकडं वळतात.

भाईंचं डांगे चौकाच्या अलीकडं टायरचं दुकान आहे. "उभ्या गाडीचं सगळं वजन एकाच जागेवर येतं, राव. टायर तिथंच बसतो. पाव चाक तरी फिरवा!" हे ते वरातीच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही ऐकवतात. हँडब्रेक ओढलेला असला, तर बेल वाजवून चावी मागतात. एकदा हिंजवडीच्या आयटी कंपनीतल्या एकाची गाडी ढकलताना अलार्म वाजला. मालक गॅलरीतून "चोर, चोर" ओरडायला लागला. भाई खालून म्हणाले, "साहेब, चोर पाव चाकावर थांबतो का?"

माझं त्यांच्याशी बिनसलं ते आरशावरून. एका टेम्पोवर सुरुवात करून मी चाकणच्या कंपन्यांना माल पोचवायचा धंदा उभा केला. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. माझा टेम्पो भाईंनी पाव चाक पुढं घेतला, त्याचं तोंड रस्त्यावर आलं आणि बसनं आरसा उडवला. भरपाई मागितली, तर म्हणाले, "आरसा गेला, पण टायर वाचला की!" तेव्हापासून मी अबोला धरला. चाकात हवासुद्धा दुसरीकडं भरायचो.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. आयसीयूत, तोंडात नळी, शुद्ध अर्धवट. मी कुणाच्या बापाला घाबरलेलो नाही. पण आत जायच्या आधी त्या काचेच्या दाराबाहेर तीन चकरा मारायचो. फोन वाजला की आधी हॉस्पिटलचा नंबर आहे का बघायचो.

तिसऱ्या दिवशी भेटायला आत गेलो, तेव्हा दोन सिस्टर आईला कुशीवर वळवत होत्या. तिचा चेहरा वेदनेनं पिळवटला, डोळ्यांतून पाणी आलं.

"हात काढा!" मी ओरडलो. "झोपू द्या तिला!"

"काका, माकडहाडापाशी लाल झालंय. बोटानं दाबलं तरी लाली जात नाही. दर दोन तासांनी वळवलं नाही, तर जखम होईल."

"मग सकाळी एकदा वळवा. दिवसभर नाही." मी सौद्यावर आलो.

"काका, यात कमीजास्त करता येत नाही."

"लिहून देतो! माझी आई आहे!"

तणतणत बाहेर आलो. आमच्या नगरसेवकाला फोन लावतोय, तर समोरच्या बाकावर रशीदभाई.

"चावी दे. टेम्पो परवापासून उभा आहे."

मी त्यांची कॉलरच धरली. "तिकडं आई मरणाच्या दारात, आणि तुम्हाला टायर सुचतोय? सिस्टर तिला उलटीपालटी करतायत. ते बंदच करायला लावतो आता."

भाईंनी कॉलर सोडवून घेतली नाही. हळूच विचारलं, "तू नको म्हणालास?"

"हो!"

"मी पण म्हणालो होतो. माझी बायको हमीदा अशीच पडून होती. वळवलं की कण्हायची. बघवेना. मी सिस्टरशी भांडलो, पाया पडलो, झोपू द्या म्हणून. ऐकलं त्यांनी माझं. पाठीची जखम हाडापर्यंत गेली. आजार उतरत होता, राव. जखमेनं नेली तिला."

माझा हात खाली आला. फोनवर नगरसेवक "हॅलो, हॅलो" करत होते. मी फोन कापला आणि दार ठोठावलं.

"सिस्टर, वळवा. ती रडली तरी, मी नको म्हणालो तरी वळवा." मग दारातच अडून विचारलं, "ती लाली जाईल ना?"

"आत्ताच नाही सांगता येत, काका. बघत राहू."

मी भिंतीशी उभा राहिलो. आता घासाघीस करायला समोर कुणीच नव्हतं.

संध्याकाळी भाई तिथंच होते. बाकावर एका अंगावर आडवे, डोळा लागलेला, गाल लोखंडी पट्टीवर दाबला गेलेला. मी जवळ गेलो. कितीतरी दिवसांनी हाक मारली.

"भाई. पाव चाक."

डोळे न उघडताच ते दुसऱ्या कुशीवर वळले. गालावर पट्टीचा लाल वळ उठला होता. तो मावळेपर्यंत मी श्वास धरून बघत राहिलो. मग टेम्पोची चावी त्यांच्या खिशात सरकवली आणि काचेच्या दारासमोर जाऊन बसलो, आत आईला पुन्हा वळवतील त्याची वाट बघत.