पास न म्हणणारे आप्पा

भिडूनं बोली उघडली आणि दशरथआप्पांनी 'पास' म्हटलं, असं आमच्या नंदुरबारच्या ब्रिज मंडळात आजवर एकदाही घडलेलं नाही. घडलं असतं तर मी पेढे वाटले असते, कारण गेली चार वर्षं त्यांची भिडू मीच आहे.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, सवय जाणार कुठे? दोन भिडू समोरासमोर बसतात. एकमेकांची पानं दिसत नाहीत, खाणाखुणा चालत नाहीत, काय ते बोलीतून कळवायचं. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. भिडू 'एक बदाम' म्हणाला म्हणजे त्याच्याकडे बरी पानं आहेत. आपल्याकडे निदान सहा गुण असतील तर उत्तर द्यायचं, नसतील तर मुकाट्यानं पास. पाचवीच्या वर्गाला अर्ध्या तासात समजेल. आप्पांना समजत नाही.

माझी बोली ते आधी स्वतः पुन्हा म्हणतात. "एक बदाम." मग पानांकडे बघतात, चष्मा पुसतात आणि उत्तर देतात. ही रेल्वेतली सवय. मूळचे ते ब्राह्मणपुरीचे, घरची केळीची शेती भावाला सोपवून नोकरीला लागले आणि खांडबाऱ्याला स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. शेजारच्या स्टेशननं फोनवर काही विचारलं की आधी ते त्यालाच परत ऐकवायचं, मग उत्तर. उत्तर गेलं नाही तर गाडी जागची हलत नाही, असं ते मला दर आठवड्याला सांगतात.

एकदा मी 'एक बदाम' म्हटलं. आप्पांनी पुन्हा म्हटलं, चष्मा पुसला आणि 'एक इस्पिक' असं ठणकावलं. माझ्या हातात उत्तम पानं होती. मी हुरळून थेट 'चार इस्पिक'वर उडी मारली. आता दहा हात करायला हवे होते. आप्पांनी पानं टेबलावर मांडली. त्यात सगळ्यात मोठं पान होतं नव्वी! दहापैकी सहा हात झाले. तेही कसे झाले ते मला अजून कळलेलं नाही.

"आप्पा, एक गुणसुद्धा नव्हता हो तुमच्याकडे!"

"नव्हता ना," आप्पा शांतपणे म्हणाले. "पन तुम्ही बोलनात ना, बाई? समोरना मानूस बोलना, मंग आपन काय उगा बठी ऱ्हावानं?"

मी त्यांना तक्ता लिहून दिला. शून्य ते पाच, पास. सहा ते नऊ, बदाम जुळत असतील तर दोन बदाम. दहा किंवा वर, तीन. आप्पांनी तो नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बराबर शे. काहीच चूक नही." पुढच्याच डावात तीन गुणांवर दोन बदाम!

खेळ सोडला तर माणूस लाखातला. हिवाळ्यात बाजारात मिरची उतरली की ठसका थेट आमच्या टेबलापर्यंत येतो आणि सगळे शिंकत सुटतात. शिंक ही खूण समजू नये, असा नियम मंडळानं भिंतीवर लावला आहे. तरी आप्पा प्रत्येक शिंकेनंतर समोरच्या जोडीची माफी मागतात.

यंदा धुळ्याची मंडळी सामन्यासाठी येणार ठरलं आणि सगळ्यांनी मला बाजूला घेतलं. भिडू बदला, नाहीतर गावाची लाज जाईल. मलाही जिंकायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण हे चारचौघांत सांगणं बरं नव्हे, म्हणून दुपारी त्यांच्या घरी गेले.

खुर्चीत आप्पांच्या पत्नी, ताराजिजी, बसल्या होत्या. त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेल्याचं ऐकून होते, पण आप्पा कधी विषय काढत नसत. मी दारात असतानाच जिजींनी विचारलं, "गाडी ऊनी का?" गाडी आली का, म्हणून.

"गाडी ऊनी का," आप्पांनी पुन्हा म्हटलं. "ऊनी ना. मालगाडी व्हती, थांबनी नही."

मी बसले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. या वेळी गाडी अर्धा तास लेट होती. मग सिग्नल मिळाला नव्हता. मग गाडीतून मिरचीची पोती उतरत होती. तासाभरात अकरा वेळा जिजींनी विचारलं आणि अकरा वेळा आप्पांनी वेगळं उत्तर दिलं.

"इतलंच बोलनं ऱ्हायनं तिनं," आप्पा मला म्हणाले. "मन्ही स्टेशननी बडबड ऐकी ऐकी तेवढंच डोकामा ऱ्हायनं व्हई. पयले मी ध्यान दिधं नही. एकच एक गोठ, काय जवाब देवाना? तं ती आठ दिन बोलनीच नही, बाई. एक शब्द नही. मी घाबरी गवू."

त्या आठ दिवसांनंतर आप्पांनी तिचा एकही प्रश्न रिकामा जाऊ दिलेला नाही. मला माझ्या तक्त्याची फार लाज वाटली. भिडू बदलायचा विषय मी काढलाच नाही.

आप्पा चहा करायला आत गेले. जिजींनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी ऊनी का?"

मालगाड्या, सिग्नल हा आप्पांचा प्रांत. वर्गात पोरांनी अर्धवट प्रश्न विचारला की मी विचारायची, तसंच तोंडातून गेलं, "कोनती गाडी, जिजी?"

त्यांचे ओठ नुसतेच हलले, शब्द येईना. मला वाटलं, मीच त्यांचं बोलणं बंद पाडलं. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला आणि एकेक अक्षर ओढून काढत म्हणाल्या, "यास्नी."

यांची, म्हणजे आप्पांची. खांडबाऱ्याची नोकरी आणि नंदुरबारला बिऱ्हाड, असे आप्पा वर्षानुवर्षं संध्याकाळच्या पॅसेंजरनं घरी येत.

ते दारात कपबशा घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. कपबशा तिथेच जमिनीवर ठेवून ते आले, जिजींच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसले. या वेळी त्यांनी प्रश्न पुन्हा म्हटला नाही.

"ऊनी, तारा," ते म्हणाले. "मी ऊनू. हाई देख, घर ऊनू."

जिजींनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि मी असेपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.