गिअरबॉक्सची पाहणी समाविष्ट

माणसाला चिंता फुकट मिळते. निश्चिंती मात्र विकत घ्यावी लागते, आणि तीही आगाऊ. जगातल्या सगळ्या प्रगत संस्था या एका तत्त्वावर उभ्या आहेत. ज्याला पैसे नंतर द्यायचे असतात तो ग्राहक कटकट्या असतो. तो कामाच्या जागी डोकावतो, हे काय आणि ते कशाला असं विचारतो, जुना पार्ट दाखवा म्हणतो. ज्याने पैसे आधीच भरलेले असतात तो काचेच्या खोलीत गुपचूप बसतो आणि कॉफी पितो. (कॉफी समाविष्ट. साखर ज्याची त्याने ढवळावी.)

परंतुकराव या दुसऱ्या, सुसंस्कृत वर्गात मोडत. हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींना उत्तरं लिहिण्याच्या टेबलावर त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि त्यांचं एकही पत्र 'परंतु' आल्याशिवाय संपलं नाही, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना ही पदवी बहाल केली. 'आपल्या नळास पाणी येत नाही, ही बाब पाण्याच्या दर्जाविषयीच्या तक्रारीत मोडत नाही. कारण दर्जा ठरण्यासाठी आधी पाणी यावे लागते' हे वाक्य त्यांचंच. खात्यात नव्याने लागलेल्यांना ते अजून दाखवतात म्हणे.

त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि शोरूममधल्या सल्लागार मॅडमनी 'निश्चिंत प्रवास : आगाऊ देखभाल योजना' ही पुस्तिका पुढे सरकवली, तेव्हा एक दुर्मीळ घटना घडली. इतर लोक मुखपृष्ठावरचं हसरं कुटुंब बघून सही करतात. परंतुकरावांनी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. वाचता वाचता त्यांचे डोळे पाणावले.

"अगं, भाषा बघ," ते बायकोला म्हणाले.

त्यांची पत्नी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. घरीदारी सगळे तिला बाईच म्हणत. "भाषा राहू दे," बाई म्हणाल्या, "गिअरबॉक्सचं तेल कोण बदलणार ते बघा."

परंतुकरावांनी नेमकी इथे चूक केली. आचाऱ्याने दुसऱ्या आचाऱ्याच्या हातचं चाखावं तशी त्यांनी ती पुस्तिका वाचली होती. चव कशी आहे, फोडणी कुठे दिली आहे, हे त्यात कळतं. पोट भरणार का, हा प्रश्न त्यात येतच नाही. त्यांनी सही केली.

गिअरबॉक्सच्या देखभालीबाबत योजनेत काय येतं, याविषयी समाजात बरेच गैरसमज आहेत. ते दूर व्हावेत म्हणून संबंधित कलमं इथे सोप्या भाषेत देत आहोत.

तेलाची पातळी पाहणे : समाविष्ट, कितीही वेळा.
पातळी कमी असल्यास भर घालणे : समाविष्ट. परंतु पातळी कमी होणे हे गळतीचे लक्षण असून गळती ही दुरुस्ती आहे, व ही योजना देखभालीची आहे.
तेलाचा रंग पाहणे : समाविष्ट. रंगाबद्दल मत देणे : समाविष्ट नाही.
फिल्टर बदलण्याची मजुरी : समाविष्ट. फिल्टर : नाही.
तेल बदलणे : समाविष्ट. साठ हजार किलोमीटर किंवा चार वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा.

आणि तीन पानं सोडून, हसऱ्या कुटुंबाच्या दुसऱ्या फोटोखाली : योजनेची मुदत पंचेचाळीस हजार किलोमीटर किंवा तीन वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते.

या दोन वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गिअरबॉक्सचं तेल आजतागायत सुखाने काळं होत आलं आहे. 'जे नंतर येईल' आणि 'जे आधी येईल' यांची गाठ कधी पडत नाही. परंतुकरावांना ही रचना इतकी आवडली की त्यांनी त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली.

पुढे सारं पुस्तिकेबरहुकूम चाललं. दर सर्व्हिसिंगला गाडी धुऊन मिळे, पायाखाली कोरा कागद घातलेला असे आणि मोबाइलवर संदेश येई : 'आपल्या गिअरबॉक्सची पाहणी आनंदाने पूर्ण झाली आहे.' सोबत फोटोही येत असे. एक हातमोजा, एक टॉर्च आणि त्या उजेडात काहीतरी काळसर. परंतुकराव ते फोटो बाईंना दाखवत आणि बाई विचारत, "हे असं काळं असतं?" परंतुकराव सांगत की रंगाबद्दल मत देणं समाविष्ट नाही.

मग रिव्हर्स रुसला. आधी दांडा 'आर'वर टाकला की गाडी जरा विचार करी आणि मग मागे जाई. पुढे तिचा विचार लांबत गेला. शेवटी ती नुसताच विचार करू लागली.

एरवी परंतुकरावांनी हे खपवून घेतलं असतं. सोसायटीत ते गाडी अशी लावू लागलेच होते की मागे घ्यायचा प्रसंग येऊ नये. पण बाईंच्या वडिलांची नव्वदी तोंडावर आली होती. ते टेकडीपलीकडे एकटे राहत. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याआधीपासून बापलेकीची भेट नव्हती. बसच्या पायऱ्या बाईंना चढवत नव्हत्या आणि टॅक्सीत पाय लांब करता येत नव्हता. आपल्या गाडीतली पुढची सीट मात्र पार मागे जाई. (सीट मागे जात होती, हे नमूद करणं न्याय्य ठरेल.) परंतुकरावांनी शब्द दिला होता : वाढदिवसाला तुला बाबांच्या दारात उतरवीन. आयुष्यात 'परंतु' न लावता त्यांनी लिहिलेलं किंवा बोललेलं हे बहुधा एकमेव आश्वासन असावं, आणि म्हणूनच त्यांना त्याची धास्ती वाटत होती.

ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या सल्लागार मॅडम स्वतः गाडी घेऊन एक फेरी मारून आल्या.

"सर, काहीच तक्रार आढळली नाही."

"रिव्हर्स टाकून बघितलात?"

"सर, आमच्या आवारात रिव्हर्स नाही."

हे खरं होतं. सर्व्हिस सेंटरचं आवार सुरक्षेसाठी पूर्ण एकेरी केलं होतं. जमिनीवर पिवळे बाण होते. गाड्या एका दारातून येत, धुतल्या जात, पाहिल्या जात आणि दुसऱ्या दाराने पुढे निघून जात. 'मागे घेताना एकही अपघात नाही' असा फलक भिंतीवर होता आणि त्याबद्दल सेंटरला बक्षीसही मिळालं होतं. ज्या आवारात कुणी मागे जातच नाही तिथे रिव्हर्सचा दोष सापडणार कसा? कामाच्या कागदावर नोंद झाली : 'रिव्हर्स : चाचणीत तक्रार आढळली नाही.'

"बाहेर एखाद्या मेकॅनिकला दाखवू का?" परंतुकरावांनी विचारलं.

"दाखवा ना सर," मॅडम गोड हसून म्हणाल्या. "पण बाहेरच्या माणसाने हात लावला की योजना रद्द होते."

बाहेर पडताना परंतुकरावांनी दोन गोष्टी तराजूत घातल्या. एकीकडे रिव्हर्स होता आणि दुसरीकडे आगाऊ भरलेली योजना. रिव्हर्स गेला तर फक्त रिव्हर्स जातो. योजना रद्द झाली तर सगळ्या पाहण्या जातात. त्यांनी योजना वाचवली.

वाढदिवसाच्या सकाळी गाडी ऐटीत निघाली. टेकडीपलीकडची गल्ली जेमतेम गाडीपुरती होती. ती उतरत उतरत थेट सासऱ्यांच्या अंगणात संपत असे, अंगण कुंपणाच्या भिंतीपाशी संपत असे आणि भिंतीपलीकडे मोठा रस्ता होता. परंतुकरावांनी बाईंना अगदी दारात उतरवलं. शब्द खरा झाला. म्हातारा पायरीवर उभा होता. लेकीला बघून तो नुसता तिचा हात धरून उभा राहिला. बाईंना रडू आलं. परंतुकरावांनाही आलं, कारण गाडीचं नाक भिंतीला टेकलं होतं, मागे चढ होता आणि वळायला अंगण पुरत नव्हतं.

चढावर गाडी ढकलायला चार तगडी माणसं लागतात. त्या गल्लीत तगडं म्हणावं असं एकट्या सासऱ्यांचंच वय होतं. परंतुकरावांनी योजनेच्या मदतक्रमांकावर फोन लावला.

"गाडी बंद पडली आहे का, सर?"

"नाही, चालू आहे. मागे जात नाही."

"पुढे जाते?"

"जाते. पण पुढे भिंत आहे."

पलीकडे बराच वेळ काहीतरी टाइप होत राहिलं. "सर, गाडी स्वतःच्या बळावर पुढे जात असेल तर ती चालती गाडी धरतात. चालत्या गाडीला ओढून न्यायला आम्ही येऊ शकत नाही."

"आणि भिंत?"

"भिंत योजनेत येत नाही, सर."

परंतुकरावांनी फोन खाली ठेवला. त्यांना राग यायला हवा होता. पण आतून उसळून आला तो आदर. यात एक अक्षर बदलायला जागा नव्हती.

"काय म्हणाले?" सासऱ्यांनी विचारलं. परंतुकरावांनी शब्दन् शब्द सांगितला. म्हातारा खूश झाला. "तुमच्या खात्यासारखंच बोलतात हो जावईबापू. आमच्या गल्लीच्या नळाबद्दल तुमच्याकडून असंच एक पत्र आलं होतं. फार सुंदर पत्र. पाणी नंतरही आलं नाही."

मग तोडगाही म्हाताऱ्यानेच काढला. गाडी पुढे जाते ना? मग भिंत पाडू. रस्ता पलीकडेच आहे. ओळखीचा गवंडी आहे, तो सोमवारी येईल.

सोमवार आला, गवंडी आला नाही. पुढच्या सोमवारीही आला नाही. कधी त्याला दुसरं काम निघे, कधी त्याची पहार सापडत नसे. दरम्यान लेक-जावयाचा मुक्काम लांबला आणि म्हाताऱ्याला गाडीची गोडी लागली. सकाळी तो मागच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाची, बाई पुढच्या सीटवर पाय लांब करून भाजी निवडत आणि दोघं खिडकीतून भिंत बघत गप्पा मारत. गाडीचा इतका वापर तिच्या धावत्या काळात कधी झाला नव्हता.

एकदा काठी टेकत टेकत बाई स्वतः गवंड्याच्या घरी गेल्या. गवंडी दारातच बसला होता, पहार शेजारीच होती. "बाई, मी काय करू?" तो म्हणाला. "आजोबाच दर सोमवारी येऊन बजावून जातात, आज येऊ नकोस म्हणून."

बाई घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, गवंडी कामात आहे.

योजनेची मुदत त्याच अंगणात संपली. लगेच संदेश आला : 'अभिनंदन! मुदतीत आपल्या गिअरबॉक्सवर एकदाही खर्च करावा लागला नाही.' खाली नवीन योजना होती, 'निश्चिंत प्रवास अधिक'. तिच्यात तेल बदलणं बिनशर्त समाविष्ट होतं. परंतु गाडी सेंटरपर्यंत स्वतःच्या बळावर यावी आणि आवारात शिरताना गिअरबॉक्स सुस्थितीत असावा. परंतुकरावांनी सगळं वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि चौकटीत टिक केली.

"घेतलीत ना परत?" बाईंनी विचारलं.

"तेल आहे यात," परंतुकराव म्हणाले. "भिंत पडली की लगेच जाऊ."

बाईंनी अंगणात पाहिलं. म्हातारा मागच्या सीटवर, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. "भिंतीची घाई नको," त्या म्हणाल्या.

वाचकहो, इथवर आपण परंतुकरावांना मनसोक्त हसलात, आमची हरकत नाही. परंतु आपल्याही गाडीच्या कप्प्यात एक पुस्तिका आहे. तिच्यावर तेच हसरं कुटुंब आहे आणि वरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. परंतुकरावांनी निदान वाचली होती.